दोन खाटांची खोली

मला माहीत होतं, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच. ताईच्या आरोग्य विम्यात दवाखान्याच्या खोलीच्या भाड्याला मर्यादा होती. त्या मर्यादेबाहेरची खोली घेतली तर नुसतं भाडंच नव्हे, बाकीचं बिलही कापलं जातं, हे मला विमा घेतला त्या दिवसापासून ठाऊक होतं. आमच्या घरात सगळे समजतात की कंपनीनं आम्हाला दगा दिला. कंपनीच्या खालोखाल दोष ताईच्या सुनेचा, कारण महागडी खोली तिनं घेतली, असं सगळे मानतात. ती खोली मी घेतली होती.

मी अकोल्यात एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी करतो. पन्नाशी ओलांडली आहे. बोलणं माझ्या स्वभावात कमीच. ऑफिसात लोक त्याला शहाणपणा समजतात आणि मीही समजू देतो. ताई अमरावतीला राहते. राजापेठेत तिचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक लाकडी फळ्यांचं खोपट, वर पत्रा, समोर ओल्या गोणपाटावर शेवंती, झेंडू, गुलाब. या खोपटाच्या जिवावर मी शिकलो. माझं कॉलेज अमरावतीला झालं, तेव्हा ताईकडेच होतो. माझी फी हार विकून भरली गेली. जिजाजी गेल्यावर ताईनं दुकान एकटीनं चालवलं. भाचा मोठा झाला, नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात लागला. त्याचं लग्न झालं आणि सून आली. ती मात्र दुकानात रमली. गिऱ्हाईक ओळखायची, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायची, मंडपवाल्यांकडून उधारी वसूल करून आणायची. ताई चारचौघांत म्हणायची, "पोरगा कारखान्याचा झाला, पण दुकान माह्या सुनेचं होईन." हे ऐकताना सून मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसायची. पण तिला ते दुकान किती हवं होतं, हे तिच्या हाताच्या वेगावरून कळायचं.

विम्याचं डोक्यात आलं ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. त्याच्या वडिलांच्या आजारपणात त्याची जमीन गेली. मी घाबरलो. ताई पासष्टीच्या पुढे गेलेली, बीपीची गोळी सुरू. माझा एक शाळेतला मित्र अकोल्यातच विम्याचं काम करतो. त्याच्या ऑफिसात गेलो. त्यानं दोन योजना समोर ठेवल्या आणि, खोटं कशाला बोलू, अगदी नीट समजावून सांगितल्या.

"हे पाह्य," तो म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाच्या विम्यात तीन गोष्टी पाहाव्या लागतात. जुनं दुखणं असन तर त्याले काही वर्षं थांबावं लागते. बीपी आपण लिहून देऊ, लपवायचं नाई. दुसरं, बिलाचा पाचवा हिस्सा आपण भरायचा, तो दोन्ही योजनांत आहे. अन् तिसरं खोली. ही महागडी आहे, हिच्यात खोलीची भानगड नाई, पाहिजे ती घे. अन् ही स्वस्त. हिच्यात खोलीले मर्यादा आहे. दोन खाटांची खोली आरामात बसते. पण वरची घेतली न भाऊ, तर नुसता फरक नाई कापत. खोली दुप्पट भाड्याची असन तर डॉक्टर, भूलवाला, ऑपरेशन थेटर, सगळ्याचे निम्मेच पैसे धरतात. औषधं तेवढी सुटतात. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो.

"मंग कोणती करू?"

त्या वर्षी माझ्या मुलीला पुण्यात प्रवेश घेतला होता. हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. हप्त्यातला फरक माझ्या आवाक्याबाहेरचा नव्हता. मी त्याला जे विचारलं ते आज लिहितानाही लाज वाटते. मी विचारलं, "कार्ड दोन्हीचं सारखंच दिसते न?"

तो हसला. म्हणाला, "कार्डाले काय करतं बे? कार्ड सारखंच."

मी स्वस्त योजना घेतली.

आता कार्डाचं सांगतो. भाऊबीज जवळ आली होती. दरवर्षी मी ताईच्या ओवाळणीच्या ताटात पाकीट टाकायचो, पुतणे-भाचे यायचे, जिजाजींचे मोठे भाऊ बायको-मुलांसह यायचे, जेवणं व्हायची. त्या वर्षी मी पाकिटाऐवजी विम्याचं कार्ड टाकलं. चकचकीत, ताईचा फोटो असलेलं. ताईनं दिव्याच्या उजेडात ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे काय रे? एटीएम आहे का?"

सगळे हसले. मग मी बोललो. एरवी न बोलणारा मी त्या दिवशी पाटावर बसल्या बसल्या भाषणच केलं. म्हणालो, "ताई, आता तुला काहीही झालं तरी दवाखान्यात एक रुपया लागणार नाही. हे कार्ड दाखवायचं आणि झोपायचं. सगळं कंपनी पाहील."

जिजाजींचे मोठे भाऊ, सत्तरीचे, आवाजानं अजून पंचविशीचे, त्यांनी मांडीवर थाप मारली. "पाहा बापा! आमच्या भावाच्या साळ्यानं बहिणीचा दवाखानाच ओवाळणीत टाकला! नाई तर आमचे साळे, रुमालाच्या वर जात नाई." त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं. ताईचे डोळे भरून आले. तिनं ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं.

सून ताट आत नेता नेता थांबली. "मामाजी, याच्यात काय काय बसते?"

"सगळं," मी म्हणालो.

पाचव्या हिश्श्याचं नाही सांगितलं, खोलीचं नाही सांगितलं. ओवाळणीत टाकलेल्या वस्तूची किंमत कमी कशी सांगायची? साडी टाकली असती तर ती सुती की रेशमी हे हात लावून कळलं असतं. कार्डाला हात लावून काहीच कळत नाही. या गोष्टीचा मी फायदा घेतला.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर ताई पडली. झेंडूच्या गाड्या उतरतात तिथं जमिनीवर पाकळ्या आणि देठांचा चिखल झालेला असतो. पोत्याला हात घालताना पाय सरकला आणि खुब्यापाशी हाड मोडलं. भाचा कारखान्यात पाळीवर होता. सुनेनं तिला ऑटोत घालून एका खाजगी दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी अकोल्याहून गाडी काढली. वाटेत माझ्या मनात भीती होती, आणि तिच्यामागे थोडा दिलासा. पडण्याला विम्यात थांबावं लागत नाही. अपघात पहिल्या दिवसापासून बसतो. मी योग्य वेळी योग्य गोष्ट केली, असं मी गाडी चालवताना स्वतःला सांगत होतो.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये जिजाजींचे भाऊ आधीच हजर होते. सोबत घरची चार-सहा माणसं. ताईला एक्स-रेसाठी आत नेलं होतं.

"आले का साहेब? मंग, कोणती खोली घेऊन राहिले?"

"बघू आता."

"बघू काय? जनरलमध्ये टाकसान का बहिणीले? तिथं एक पास भेटते अन् बाकीच्याईले गेटावरून हाकलते. दोन खाटांच्या खोलीतबी तेच, दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक तोंड वाकडं करते. आमचा सगळा गोतावळा येईन. तो काय जिन्यावर बसन?" मग मागच्यांकडे वळून, "कार्ड हाय न साहेबायचं! ओवाळणीतलं!"

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं. लाडाचंच होतं. पण माझे कान तापले.

आमच्याकडे माणूस दवाखान्यात पडलं की त्याला पाहायला जावंच लागतं. गाडी करून येतात, एका गाडीत दहा जण. बिस्किटाचे पुडे, नारळपाणी, सफरचंदं. येणाऱ्याला बसायला जागा मिळाली, चहा मिळाला, पेशंटच्या उशापाशी जाऊन दोन शब्द बोलता आले, तर त्यानं नातं पाळलं आणि घरच्यांनीही पाळलं. नाही मिळालं तर पुढं कितीतरी वर्षं लग्नाकार्यात ऐकावं लागतं, "गेलतो न बापा पाहाले, बसालेबी जागा नव्हती." ताईनं आयुष्यभर प्रत्येकाच्या आजारपणात अशी हजेरी लावली होती. तिच्यासाठी सगळं राजापेठ आणि सासरचं गाव येणार, यात शंका नव्हती. विमा कंपनीच्या नियमांत या माणसांचा विचार कुठंच नाही. तिच्या लेखी दवाखान्यात पेशंट एकटाच असतो.

मी आणि सून काउंटरवर गेलो. फक्त आम्ही दोघं. विम्याचं पाहणारी मुलगी होती, तरुण, केसांना क्लिप लावलेली. तिनं कार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर पाहिलं आणि सांगितलं.

"यांच्या पॉलिसीत दोन खाटांची खोली बसते. स्पेशल घेतली तर बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापून येईल. मग तो फरक तुम्हाला भरावा लागेल."

मित्रानं अकोल्यात सांगितलेलंच, जवळजवळ त्याच शब्दांत.

सून म्हणाली, "मंग दोन खाटांचीच द्या." मग माझ्याकडे वळली. "मामाजी, मी पाहून आली ती खोली. चांगली आहे. मधात पडदा आहे. खिडकी आपल्या बाजूनं आहे. आईले काय, एकच खाट लागते."

मी म्हणालो, "स्पेशल लिहा."

"पण मामाजी, ह्या मॅडम म्हणून राहिल्या..."

"मी आहे ना. कंपनीचं मी पाहतो."

मुलीनं पुन्हा विचारलं, "सर, नक्की?" मी मान हलवली. मग गाडी बाजूला लावायला सांगणारा वॉचमन आला, आणि मी निघालो. मला तिथून निघायचंच होतं. उरलेलं सुनेनं पूर्ण केलं. मी गाडी लावून परत आलो तेव्हा ती काउंटरकडून पोर्चमध्ये येत होती आणि तिच्या हातात स्पेशल खोलीची किल्ली होती. सगळ्यांनी ते पाहिलं. तिनं खोली घेतली, असं पुढं सगळे म्हणाले ते खोटं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं तेच ते म्हणाले.

ऑपरेशन चांगलं झालं. हाडात रॉड बसला. ताईला भूल उतरल्यावर पहिला प्रश्न झेंडूचा. दसरा डोक्यावर होता. सून पहाटे फुलं उतरवून घ्यायची, दुकान लावायची, शेजारच्या पूजासाहित्यवाल्याला थोडं लक्ष ठेवायला सांगून दवाखान्यात यायची, ताईचं अंग पुसायची, पुन्हा दुकान. आणि खोलीत माणसं. आली, बसली, गेली, दुसरी आली. थंडगार हवा, सोफा, टीव्ही, छोटा फ्रिज. जिजाजींच्या भावांनी तर सोफ्यावर दुपारची झोपच सुरू केली. "घरी उकडते बावा," म्हणाले, "इथं पेशंटच्या सोबतीले माणूसबी होते अन् हवाबी भेटते." ताई पडल्या पडल्या हसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "माह्या भावाचं कार्ड हाय."

सून कोपऱ्यात सतरंजीवर बसायची. त्या सोफ्यावर मी तिला एकदाही बसलेलं पाहिलं नाही.

रजा काढून मीही रोज यायचो. ताईचं ते वाक्य रोज ऐकायचो, पण मी मनाशी एक खोटी बेरीज मांडली होती. वाटायचं, कंपनी एवढी मोठी, एवढं बारीक पाहणार नाही. पाहिलं तर मी भांडेन. ऑफिसात मी असे कितीतरी कागद मार्गी लावले होते.

घरी सोडायच्या दिवशी सामान बांधून सगळे तयार होते. कंपनीची मंजुरी यायची होती. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. ताई चाकाच्या खुर्चीत बसून होती. शेवटी आम्हाला विम्याच्या खिडकीपाशी बोलावलं. मी, भाचा, सून, जिजाजींचे भाऊ. मुलगी तीच.

तिनं सांगितलं. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची, म्हणून सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग सगळं निम्मं धरलंय. रॉड आणि औषधं पूर्ण. हातमोजे, पट्ट्या आणि तसल्या वस्तू बसत नाहीत. जे उरलं त्याचा पाचवा हिस्सा पेशंटकडे. कंपनी देते त्याहून आम्हाला भरायचं जास्त.

"म्हणजे? कार्ड असून?" भाच्याला कळेना.

"सर, ॲडमिशनच्या वेळीच मी सांगितलं होतं." असं म्हणून तिनं सुनेकडे पाहिलं. तिचा काही हेतू नव्हता. रोज खिडकीवर सूनच यायची, तिला तीच ओळखीची होती.

सगळ्यांच्या माना सुनेकडे वळल्या.

"तुले सांगतलं होतं?" भाचा म्हणाला. "अन् तू आमाले बोललीबी नाई? एसीची एवढी हौस होती का तुले?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. आता मी बोलणार, याची ती वाट पाहत होती, इतकंच. अगदी साधी वाट, रांगेत पुढचा माणूस सरकायची पाहतो तशी.

मी खिशातून फोन काढला आणि कंपनीच्या नंबरवर लावला. स्पीकरवर. "तुम्ही लोक दगाबाज आहात," मी ओरडलो, दवाखान्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "म्हाताऱ्या बाईला लुटता? सर्जननं टाके निम्मे घातले का, पैसे निम्मे देता ते?" पलीकडचा मुलगा शांतपणे कलम वाचून दाखवत होता, मी त्याला वाचू देत नव्हतो. आजूबाजूला माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "बरोबर बोलून राहिले साहेब." जिजाजींच्या भावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

ताई मागून चाकाच्या खुर्चीतून पाहत होती. मी फोन ठेवला तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे भाऊ. तू कायले जीव जाळतं? तुही काय चूक हाय त्याच्यात?"

पैशांचं कसं जमलं ते थोडक्यात सांगतो. दसऱ्याच्या झेंडूतून आलेलं सगळं गेलं. सुनेच्या माहेरची पोत गेली. मोठा वाटा मी दिला, आणि त्याबद्दल माझं कौतुक झालं. भाऊ असावा तर असा, असं मी नसतानाही लोक म्हणतात, हे माझ्या कानावर आलं. पैसे देऊन मी मोकळा होईन असं वाटलं होतं. उलट त्या पैशांनी माझ्याभोवती भिंत घातली. आता कोण मला विचारणार?

घरी सूनच दिवसरात्र ताईचं करायची, आणि ताई तिच्या हातचं घेताना तोंड फिरवायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांत "सुनेची एसी खोली" हा शब्द रुळला. कोणी भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हणायचं, "आमच्या घरची एसीवाली आहे न!" दिवाळीनंतर ताई काठी घेऊन चालायला लागली, पण दुकानात उभं राहणं जमणार नव्हतं. मी तिला भेटायला गेलो होतो, तेव्हा तिनं सांगितलं.

"दुकान पुतण्याले भाड्यानं देऊन राहिली."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. "सुनेला देणार होतीस ना?"

"जिले खोलीचा हिशोब समजला नाई, तिले दुकान काय समजन?" ताई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "भाऊ, दुःख पैशाचं नाई रे. मी पोरीसारखी वागवली. माह्या दुखण्यात तिनं सोताचं सुख पाह्यलं. हे जात नाई मनातून."

सून आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

मी चहा प्यायलो. तो चहाही तिनंच केला होता.

मी कंपनीला पत्रं लिहिली, विमा लोकपालाकडे तक्रार केली. घरात सगळ्यांना वाटायचं, मामा लढून राहिला. तक्रारीत मी लिहिलं की आम्हाला ही अट कोणीही समजावून सांगितली नव्हती. ती तक्रार फिरत फिरत माझ्या मित्राकडे गेली. त्याचा फोन आला.

"अबे, मी तुले सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"मंग माह्या नावानं कावून लिहिलं?"

मग तोच म्हणाला, "माह्या बायकोनं वाचलं रे ते. ती विचारत होती, तुमचा मित्र हाय न हा?" फोन ठेवला. तेव्हापासून रस्त्यात दिसला तर तो गाडीवरूनच मान वळवून घेतो.

तक्रारीचं उत्तर आलं. नियमानुसार, असं. ते उत्तर बरोबर होतं. हा नियम चांगला आहे असं मात्र मला आजही वाटत नाही. एका खोलीच्या निवडीसाठी सर्जनच्या हाताची किंमत निम्मी धरायची, तीही म्हाताऱ्या माणसाच्या विम्यात, यात दगा आहेच. साध्या माणसाला हे सुचणारसुद्धा नाही. पण मी तो साधा माणूस नव्हतो. मला दोन वेळा सांगितलं गेलं होतं, दोन्ही वेळा मी समजलं म्हणून मान हलवली होती. कंपनीनं जे लिहून दिलं तेवढं तरी पाळलं. मी ताईला तोंडानं दिलं ते पाळलं नाही, आणि जिला काहीच दिलं नव्हतं तिच्यावर ते ढकललं.

उन्हाळ्यात एकदा गेलो तेव्हा ताई झोपली होती. सून ओट्यावर बसून हार करत होती. दुसऱ्याच्या दुकानासाठी, नगावर. ताईच्या पुतण्याच्या हातात दुकान चांगलं चालत होतं. त्याचेही हार तीच करायची. मी बाजूच्या खुर्चीत बसलो. काय बोलावं कळेना, म्हणून फुलांचे भाव विचारले. तिनं सांगितले.

मग सुई न थांबवता ती म्हणाली, "मामाजी, एक विचारू का?"

"विचार."

"तुमी तवा विसरले होते का? का आठवत होतं?"

ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी खोटं बोलू शकलो असतो. विसरलो म्हणालो असतो तर तिनं मानलं असतं, मला वाटतं तिला मानायचंच होतं.

"आठवत होतं," मी म्हणालो.

तिनं दोरा दातानं तोडला. हार गुंडाळून परडीत ठेवला, ओलं फडकं वर टाकलं.

"मी तवा बोलली नाई," ती म्हणाली, "कारण मले वाटलं तुमीच बोलसान. खिडकीपाशी वाटलं. मंग वाटलं घरी गेल्यावर बोलसान. मंग वाटलं दिवाळीत. आता मी बोलली तर कोण मानते? म्हणतीन, सोताची चूक माणसावर लोटून राहिली, तेबी ज्यानं पैसे भरले त्याच्यावर." मग, "आई माह्यासंग हसत होत्या पहिले. आता नाई हसत. दुकानाचं एक वेळ सोडा."

मी म्हणालो, "मी सांगतो ताईला."

"सांगा," ती म्हणाली. तिला ते खरं वाटलं नाही, हे तिच्या स्वरावरून मला कळलं. तिनं दुसरा दोरा ओवला. आतून ताईनं काठी आपटून हाक मारली तशी ती उठली.

त्या दिवशी मी ताईजवळ तासभर बसलो. तिनं मला आंबे खाऊ घातले, माझ्या शुगरची चौकशी केली, मुलीचं विचारलं. मी सांगितलं नाही.

हल्लीच विम्याच्या नूतनीकरणाचा निरोप आला. हप्ता वाढला आहे. ताई फोनवर म्हणाली, "बंद कर तो दगाबाज विमा. पुन्हा त्याच्या नादी नाई लागत मी." बंद केला तर तिच्या बीपीची थांबण्याची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातील, नवा विमा या वयात मिळेल की नाही सांगता येत नाही. मी तिला एवढं समजावू शकत नाही, कारण समजावायला बसलो तर पहिला प्रश्न खोलीचा येईल. मी तिला न सांगता हप्ता भरून टाकला. पैसे भरणं मला जमतं.

हे लिहून झालं की ताईकडे जाऊन वाचून दाखवावं, असं ठरवून बसलो होतो. आता शेवटाशी आलो तेव्हा कळतंय की लिहिणंही मी पैसे भरण्यासारखंच केलं. जिच्यासमोर बोलायचं तिला सोडून सगळ्यांसमोर. म्हणून देणं काय आहे ते साध्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढं मला दुसरं काही म्हणता येणार नाही. ताईच्या घरी, ताई, भाचा आणि जिजाजींचे भाऊ समोर बसलेले असताना, सुनेच्या देखत, मला म्हणायचं आहे की तिनं दोन खाटांची खोली मागितली होती, स्पेशल मी घ्यायला लावली, आणि ती घेताना काय होईल हे मला माहीत होतं. हे मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.